विहाराचं चाक आणि हालबरी कंपनी

"चाक फिरन," चंद्रभान विहाराच्या कमिटीपुढं म्हणाला, "आनि कोनाचा हात न लागता फिरन. पाहुन्यानं इथी टेबलावर एवढंसं चाक बोटानं फिरवलं, का तथी भिंतीवरचं मोठं चाक तेवढंच फिरन. त्यानं थांबवलं का थांबन. उलटं फिरवलं का उलटं जाईन. दिल्लीले भेटनार नाई असं काम आपल्या अकोल्यात होईन."

कमिटीतल्या सगळ्यांनी बुधाजीकडं पाहिलं. बुधाजी रेल्वेच्या गँगमधून मुकादम म्हणून निवृत्त झालेला, कमिटीचा अध्यक्ष. रूळ सरळ आहे की वाकडा, या एकाच प्रश्नावर आयुष्य काढल्यामुळं जगातले बाकीचे प्रश्नही तो एक डोळा मिटूनच बघायचा. त्यानं डोळा मिटला.

"फिरल्यावर मंग थांबन ना?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न किती खोल होता ते चंद्रभानला पुढं कळायचं होतं. तेव्हा तो नुसता हसला.

रेल्वे फाटकापलीकडच्या त्या वस्तीनं नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून विहाराचा ध्यास घेतला होता. बायांनी मुठीमुठीनं ज्वारी काढून ठेवली, गड्यांनी सुट्टीच्या दिवशी विटा वाहिल्या. आता छत पडलं होतं, वीज आली होती, आणि वैशाखी पौर्णिमेला उद्घाटन ठरलं होतं. समोरच्या भिंतीवर लावायला श्रावण सुतारानं सागाचं धम्मचक्र घडवलं होतं. आठ आऱ्या, माणसाएवढी उंची. श्रावणचा जन्म बैलगाडीची चाकं करण्यात गेलेला, त्यामुळं चक्रही जरा गाडीच्याच बळाचं झालं होतं. दोन गड्यांना ते उचलवत नव्हतं. असं चाक भिंतीवर नुसतं लटकून राहावं हे चंद्रभानला पाहवेना.

चंद्रभान वानखडे नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून होता. पण तो पोटासाठी. जीव त्याचा यंत्रात. जुनी मोटर, मोडका पंखा, तुटकं घड्याळ जिथं दिसेल तिथून तो उचलून आणायचा आणि त्याचं काहीतरी तिसरंच करायचा. कोंबड्यांना वेळच्या वेळी आपोआप दाणे टाकणारा डबा त्यानं केला होता. डब्यानं पहिल्याच सकाळी महिन्याभराचे दाणे एकदम टाकले आणि कोंबड्या दोन दिवस जागच्या हलल्या नाहीत. त्याची बायको मैना तेव्हापासून त्याच्या यंत्रांकडं आणि कोंबड्यांकडं सारख्याच काळजीनं बघायची.

आता त्याला जे सापडलं होतं ते मात्र डबा नव्हता. स्टेशनाकडची कापडाची गिरणी तीन वर्षांपूर्वी बंद पडली. निम्मी वस्ती त्या गिरणीत कामाला होती, ती रस्त्यावर आली. कोणी टांगा धरला, कोणी हमाली. गिरणीचं सामान हळूहळू भंगारवाल्यांकडं पोचलं, आणि तिथं ताजनापेठेतल्या एका कबाड्याच्या अंगणात, फुटक्या पिंपांच्या मागं चंद्रभानला हे यंत्र दिसलं. एक लोखंडी पेटी, आत रेडिओसारख्या काचेच्या नळ्या. एक मोटर. आणि एक लांब दांडा. कापड रुळावरून धावताना वाकडं सरकलं की त्याची किनार या दांड्याला लागायची. दांडा जितका हलेल तितकीच मोटर फिरायची आणि रूळ जागेवर आणायची. जितकं इकडं तितकंच तिकडं. चंद्रभान कबाड्याच्या अंगणात उकिडवा बसून राहिला आणि मनातल्या मनात दांड्याच्या जागी छोटं चाक बसवून त्यानं विहाराचं उद्घाटनसुद्धा उरकून घेतलं.

बैलगाडीतून यंत्र वस्तीत आलं तेव्हा सगळे बघायला जमले. पेटीवर पितळी पट्टी होती. चंद्रभाननं धूळ पुसून वाचलं. वर कंपनीचं नाव, हालबरी अँड सन्स. खाली गिरणीचं नाव आणि नंबर. मधे यंत्राची जात, सर्वो.

"सर्वो म्हंजे काय गा?" बुधाजीनं विचारलं.

चंद्रभानला सांगता येईना. तो पट्टी पुन्हा पुसू लागला.

"सर्वांचं असन," बुधाजीनं स्वतःच ठरवून टाकलं, आणि वस्तीला ते पटलं.

माणिकबाई गर्दीतून पुढं आली. नवरा गेल्यावर ती पंधरा-वीस वर्षं गिरणीच्या रीळ खात्यात होती. तिनं पेटीवर हात ठेवला, बाळंतिणीच्या कपाळावर ठेवावा तसा. "हे आमच्या गिरनीतलं किनारवालं यंत्र व्हय," ती म्हणाली. "आमी याच्या बाजूनं जेवाले जात होतो. हिवाळ्यात याची गरम हवा लागे. बरं वाटे."

विहाराच्या भिंतीला भोक पाडून चाकाचा आस मागच्या खोलीत घेतला. खोलीत मोटर आणि पेटी. पुढं टेबलावर छोटं चाक. सगळ्या तारा जोडून झाल्या आणि चंद्रभाननं बटण दाबलं. काचेच्या नळ्या लालसर उजळल्या, पेटी गुणगुणू लागली. त्यानं पुढं येऊन दोन बोटांनी छोटं चाक हळूच फिरवलं.

भिंतीवरचं धम्मचक्र फिरलं. लोकांच्या तोंडून आवाज निघाला. चंद्रभाननं बोटं थांबवली. धम्मचक्र मात्र थांबलं नाही. ते पुढं गेलं, मग चूक झाल्यासारखं मागं आलं, मग फारच मागं आलो वाटून पुन्हा पुढं गेलं, आणि तसंच इकडून तिकडं हलत राहिलं. एखाद्या म्हाताऱ्यानं जेवणाचा आग्रह मोडून काढावा तशी नाही-नाही मान हलवत.

"नाई म्हनून राहिलं ते," बुधाजी म्हणाला.

चंद्रभाननं छोटं चाक घट्ट धरलं. मोठं चाक नाही-नाही करतच राहिलं. भिंतीचा नवा गिलावा भुरभुर खाली पडू लागला, शेवटी मैनेनं मागच्या खोलीत जाऊन बटण बंद केलं. तिला बटण कुठं असतं ते कोंबड्यांच्या वेळेपासून माहीत होतं.

पेटीच्या आत ओळीनं स्क्रू होते. त्यातला एक फिरवला तर चाक थरथरायला लागलं. दुसरा फिरवला तर वस्तीतले सगळे दिवे गेले. तेव्हा चंद्रभाननं ठरवलं, ज्यानं यंत्र केलं त्यालाच विचारावं. त्यात काय अवघड? आपण त्यांचंच यंत्र चांगल्या कामाला लावतोय. त्यांना आनंदच होईल. त्यानं ऑफिसातल्या टाइपरायटरवर चांगल्या इंग्रजीत पत्र लिहिलं. आपण हौसेनं यंत्रं जोडतो, तुमचं यंत्र भंगारात मिळालं, ते विहाराच्या चाकाला लावलं आहे, चाक जड असल्यामुळं थांबत नाही, कोणता स्क्रू कुठं फिरवायचा एवढं कृपा करून कळवा. खरं ते सगळं लिहिलं.

कंपनीच्या मुंबई कचेरीचं उत्तर आलं. कागद असा गुळगुळीत की त्यावर माशी बसली तर घसरावी. मजकूर मात्र दोन ओळींचा. कंपनी फक्त आपल्या ग्राहकांना माहिती पुरवते. आपलं नाव आमच्या ग्राहकांत नाही.

"ग्राहक म्हंजे?" बुधाजीनं विचारलं.

"ज्यानं यंत्र कंपनीपासून नवं घेतलं तो. म्हंजे गिरनी."

"गिरनी तं बंद हाय."

"तेच तं."

बुधाजीनं डोळा मिटून विचार केला. "पेटीवर गिरनीचं नाव हाय ना? मंग गिरनीच्या नावानं ल्हे. पेटी का खोटं बोलते?"

मैना भाकरी करता करता म्हणाली, "असं नका करू. खोटं पुढं चालत नाई, पन चालत गेलं का लय दूर जाते."

"अवं, एका स्क्रूचा तं सवाल हाय," चंद्रभान म्हणाला. "ते कागदावर स्क्रूचं नाव ल्हितीन, मी स्क्रू फिरवीन, संपलं."

आणि त्यानं दुसरं पत्र लिहिलं. गिरणीच्या नावानं, खाली स्वतःची सही, सहीखाली मॅनेजर. पत्ता आपल्या घराचा. यंत्र पुन्हा चालू करत आहोत, रूळ थांबत नाही, कोणता स्क्रू?

यंत्र चालू करत आहोत, एवढंच त्यानं लिहिलं होतं. हालबरी कंपनीनं वाचलं, गिरणी चालू होत आहे. आणि ज्या कंपनीला काल एका स्क्रूचं नाव सांगायला जड जात होतं तिला आज असं प्रेम फुटलं की विचारायची सोय नाही. एक गिरणी नव्यानं उघडते म्हणजे तिला आणखी किती यंत्रं लागतील! तार आली. आमचे इंजिनिअर श्री. आगाशे पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं येत आहेत.

कमिटी हादरली. मग बुधाजीनं बेत आखला. साहेबाला स्टेशनावरूनच घ्यायचं, गिरणीच्या बाजूला फिरकू द्यायचं नाही, थेट विहाराच्या मागच्या दारानं यंत्राच्या खोलीत न्यायचं. मोठं चाक भिंतीपलीकडं, ते त्याला दिसायचं कारण नाही. आस तेवढा दिसेल, त्याला रूळ म्हणायचं. स्वतः बुधाजीनं गिरणीचा शेठ व्हायचं. त्यासाठी त्यानं मुलाच्या लग्नातला कोट काढला. कोट आला, पण बुधाजीच्या पोटानं बटणांशी बोलणं टाकलं होतं.

बेत चांगला होता. फक्त आगाशेसाहेब सकाळच्या पॅसेंजरनं आले.

स्टेशनाबाहेर देवमनचा टांगा उभा होता. देवमन आधी गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. "गिरणीत घ्या," आगाशे म्हणाले.

"गिरनी बंद हाय साहेब. तीन वर्सं झाले."

"बंद होती. आता पुन्हा सुरू होते आहे. मी त्याच कामासाठी मुंबईहून आलोय."

देवमननं लगाम ओढला. घोडं थांबलं. "कोन म्हन्ते साहेब?"

"मॅनेजरांचं पत्र आहे ना. हे वानखडे. चंद्रभान वानखडे."

चंद्रभानला देवमन लंगोटीपासून ओळखत होता. चंद्रभान गिरणीचा मॅनेजर झाला हे ऐकून त्याला आश्चर्य वाटलं नाही. वाटला तो अभिमान. एवढी मोठी गोष्ट आणि पोराला गर्व नाही, कोणाजवळ बोलला नाही! देवमननं टांगा वस्तीकडं वळवला आणि रस्त्यात जो भेटेल त्याला तो आनंदाची बातमी देत निघाला. हमालांनी पोती टाकली. भाजीवाल्या बायांनी टोपल्या शेजारणींवर सोपवल्या. फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. मालगाडी मोठी होती. ती जाईपर्यंत फाटकापाशी निम्मं गिरणीचं हजेरीपत्रक उभं राहिलं.

चंद्रभान तेव्हा यंत्राच्या खोलीत आसाला ग्रीस लावत होता. बाहेर गलका ऐकून तो तसाच विहाराच्या ओट्यावर आला. हात कोपरापर्यंत काळे. समोर टांगा, टांग्यात पांढऱ्या पँटीतला गोरा चष्मेवाला साहेब, आणि मागं गल्ली भरून माणसं.

"मॅनेजरसाहेब," कोणीतरी म्हणालं, आणि त्यात थट्टा नव्हती.

"आमचं खातं कवा उघडनार?" दुसरा म्हणाला. "पयल्या पाळीले आम्हाले घ्या. आमी जुने हावो."

माणिकबाई धावत आली होती. तिला धाप लागली होती. तिच्या मुठीत पितळी बिल्ला होता, गिरणीचा, तिच्या नंबराचा. तो तिनं राखेनं घासून घासून ठेवलेला दिसत होता. "चंद्रभान," ती म्हणाली, "मायी नजर आता कमी झाली. पन बोटाले धागा समजते. साहेबाले सांग."

कोटाच्या एका बाहीत हात घालून बुधाजी गल्लीच्या तोंडाशी पोचला, गर्दी पाहिली आणि दुसरा हात बाहीत न घालताच थांबला.

चंद्रभानला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं. अकोल्याची काळी जमीन वैशाखात हातहातभर फाटते, पण ती नेमकी ओट्यापुढं फाटत नाही. त्यानं हात जोडले. ग्रीसचे हात एकमेकांना चिकटले.

"गिरनी चालू नाई होत," तो म्हणाला. "कोनीच चालू करून नाई राहिलं. मी मॅनेजर नाई. हे यंत्र दुरुस्त करासाठी मी खोटं ल्हिलं. मायी चुकी हाय."

त्यानं शिव्यांची वाट पाहिली. शिव्या आल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून डोक्यावरचा घाम पुसला आणि टोपी परत घातली.

"मंग हा साहेब काहून आला?" मागून एकानं विचारलं.

"यंत्रासाठी."

"म्हंजे यंत्र तं चालू होईन?"

"यंत्र होईन," चंद्रभान म्हणाला. एवढं तरी खरं असावं असं त्याला वाटत होतं.

माणसं हळूहळू पांगली. माणिकबाईनं बिल्ला पदरात बांधला. गाठ तिनं दोनदा मारली.

आगाशे टांग्यातून उतरले. तरुण होते, सभ्य होते. मैनेनं दिलेलं पाणी ते प्यायले, चहा दिला तो आवडीनं घेतला, बशीतून फुरकला. चंद्रभान त्यांच्या हातातल्या कपाकडं बघत होता. त्याच्या बापाला याच शहरात ओंजळीत वरून पाणी ओतलेलं त्यानं पाहिलं होतं. हा माणूस तसला नव्हता. म्हणून त्याला पुन्हा आशा वाटली.

"वानखडे, तुम्ही मला फसवलंत," आगाशे म्हणाले.

"व्हय साहेब."

"का?"

"पयले खरं ल्हिलं होतं. तवा तुमी कामाचं उत्तर देल्लं नाई."

आगाशेंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बरं, आलोच आहे तर बघू द्या."

त्यांनी पेटी बघितली, मोटर बघितली. पुढं येऊन भिंतीवरचं चाक बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग मागचं बटण दाबायला लावून छोटं चाक जरासं फिरवलं. मोठं चाक नाही-नाही करू लागलं. आगाशे हसले, आणि ते हसू मायेचं होतं, कारण त्यांनाही यंत्राचं वेड होतं. "जोडणी सुरेख केलीत," ते म्हणाले. "दोष काही नाही. हे हलक्या रुळासाठी बनवलंय, तुमचं चाक जड आहे. एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला की गप्प थांबेल."

"कोनता?"

आगाशेंनी मागच्या खोलीत येऊन बटण बंद केलं. रुमालानं बोटं पुसली.

"ते मला सांगता येणार नाही."

"तुमाले मालूम नाई?"

"माहीत आहे. पण ती माहिती ग्राहकासाठी असते. उद्या काही झालं, कोणाचा हात सापडला, तर कंपनी जबाबदार. नियम आहे."

"ग्राहक तं गिरनी. गिरनी बंद पडली साहेब."

"मग यंत्रही बंद पडलं असं समजा."

बुधाजी एक हात कोटात आणि एक हात बाहेर अशा अवस्थेत दारात उभा होता. तो म्हणाला, "साहेब, लोखंड चांगलं हाय, तार चांगली हाय, पोरगं हुशार हाय. तुमाले तं एक बोट दाखवाचं हाय."

"बाबा, माझा नाइलाज आहे," आगाशे मनापासून म्हणाले. "खरं सांगू का, हे यंत्र या कामासाठी नाही. आणि वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यासाठीही नाही."

हे वाक्य या घरांना नवं नव्हतं. विहीर तुमच्यासाठी नाही, शाळेची पुढची बाकं तुमच्यासाठी नाहीत, देऊळ तर नाहीच. पण आधी ते बोलणाऱ्याच्या तोंडावर किळस असायची, आणि त्या किळसेवर रागावता तरी यायचं. या साहेबाच्या तोंडावर किळस नव्हती. तो घरचा चहा पिऊन बोलत होता. रागावायचं कोणावर? नियमावर? नियमाला तर तोंडसुद्धा नव्हतं.

दुपारच्या गाडीनं आगाशे परत गेले. देवमननं त्यांना स्टेशनावर सोडलं. जाताना तो वाटेत कोणाशी बोलला नाही.

चंद्रभान यंत्रासमोर बसला. स्क्रू सात होते, आणि त्यातला एक बरोबर होता. हा मोह कोणत्या हौशी माणसाला आवरेल? त्यानं पहिला अर्धा फेरा फिरवला. चाक थरथरलं. तो परत घेतला. दुसऱ्याला तो घाबरून हात लावेना. तिसरा फिरवला. चाक जास्त जोरात नाही म्हणू लागलं. चौथा फिरवला तेव्हा पेटीच्या आत निळा उजेड झाला, करपलेल्या कांद्यासारखा वास आला आणि हालबरी अँड सन्सची गुणगुण कायमची थांबली.

मैनेनं आत येऊन पाहिलं. "झालं?" ती म्हणाली.

"झालं."

ती त्याच्याशेजारी बसली. मग म्हणाली, "आस तं इथंच हाय ना? मंग हातानं फिरवा. पुढं कोनाले काय दिसते?"

वैशाखी पौर्णिमेला तसंच झालं. श्रावणनं आसाला विहिरीच्या रहाटासारखा लाकडी हात बसवून दिला. मागच्या खोलीला खिडकी नव्हती, वर पत्रे होते, आणि अकोल्याचं ऊन कसं असतं ते अकोलेकराला सांगायला नको. चंद्रभान बनियनवर रहाट धरून बसला. भिंतीच्या भोकातून मैना पुढं बघणार आणि सांगणार.

उद्घाटनाला अमरावतीचे निवृत्त हेडमास्तर खुशालराव आले होते. वंदना झाली, भाषण झालं. मग त्यांनी टेबलावरचं छोटं चाक फिरवलं.

"फिरवा," मैना कुजबुजली. "हळू. हां. थांबा."

धम्मचक्र फिरलं आणि पाहुण्याच्या बोटाबरोबर थांबलं. कापसाचा पुंजका हवेत तरंगून थांबावा तसं. लोकांनी साधु, साधु असा साधुकार केला. काम इथं संपायला हवं होतं. पण खुशालराव जन्मभर शास्त्र शिकवलेले गृहस्थ. त्यांनी छोटं चाक उलटं फिरवलं.

"उलटं," मैना म्हणाली. "अवो, उलटं. जरासं. आता सीधं. आता थांबा. नाई नाई, थोडं मागं."

हेडमास्तर खूश झाले. त्यांनी जलद फिरवलं, अडखळत फिरवलं, फसवून थांबवलं. भिंतीमागं चंद्रभानच्या डोळ्यांत घाम जात होता. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "मी कितीक यंत्रं पाहिली, पण इतकं समजूतदार यंत्र पाहिलं नाही. हे तर माणसासारखं ऐकतं. आता वस्तीतल्या प्रत्येकानं एकेकदा येऊन फिरवावं. चक्र सगळ्यांच्या हातानं फिरलं पाहिजे."

बुधाजीनं भिंतीकडं पाहिलं आणि डोळे मिटले, या वेळी दोन्ही.

रांग लागली. लेकरं आली, म्हाताऱ्या आल्या, गिरणीतली झाडून सगळी माणसं आली. हमालांनी हमालासारखं फिरवलं. देवमननं टांगा वळवावा तसं वळवलं. माणिकबाईनं तर रिळावर सूत गुंडाळावं तसं सावकाश, एकसारखं फिरवलं, आणि तिची पाळी संपेपर्यंत कोणी घाई केली नाही. चंद्रभानच्या तळहाताला फोड आले, फुटले, रहाटाला रक्त लागलं. मैना बघायची आणि सांगायची, मैना सांगायची आणि बघायची. एकदा तिनं म्हटलं, "तुमच्या जाग्यावर मी बसू का?" त्यानं नाही-नाही मान हलवली.

बाहेर जो तो म्हणत होता, "आपल्या गिरनीचं यंत्र हाय. चालू होती तवाबी असंच चाले."

दुसऱ्या दिवशी चंद्रभान घराच्या ओट्यावर बसला होता. मैनेनं त्याच्या हातांना हळद लावून फडकी बांधली होती. माणिकबाई आली. तिच्या मागं गिरणीतल्या आणखी सात-आठ जणी होत्या, त्या लिंबाखाली सावलीत थांबल्या.

"हाताले काय झालं?" माणिकबाईनं विचारलं.

"यंत्रात सापडले," चंद्रभान म्हणाला.

ती हळहळली. मग ओट्याच्या कडेला टेकली. "परवा तू म्हनला का गिरनी चालू नाई होत. मी घरी जाऊन इचार केला. तिचं यंत्र बिघडेल होतं म्हनून नाई होत. काल तं ते चालू झालं. साऱ्या वस्तीनं पाहिलं. मी सोता फिरवलं. एवढं बिघडेल यंत्र तुनं चालू केलं, मंग बाकीचे यंत्रं काहून नाई होनार?"

चंद्रभाननं दारात उभ्या असलेल्या मैनेकडं पाहिलं. मैनेनं नजर वळवली नाही, पण मदतही केली नाही. यंत्र काल चाललं नव्हतं, मी चाललो होतो, एवढंच वाक्य. ते त्यानं तोंडापर्यंत आणलं. माणिकबाई ओट्यावर बसली होती, बोटं मांडीवर आपोआप फिरत होती, जणू त्यांच्यामधून धागा जातोय.

"कंपनीले इचारून सांगतो," चंद्रभान म्हणाला.

माणिकबाई उठली आणि लिंबाखालच्या बायांकडं वळून म्हणाली, "पाहा. मी म्हनत नव्हती का?"